चौघांच्या स्मारकाची सरूआते

सरूआतेने मला पहिल्याच भेटीत गावभर फिरवलं, आणि तेही स्वतः ओटीवरून न हलता.

मी तेव्हा उंबरकोंडच्या शाळेत नुकतीच बदलून आले होते. उंबरकोंड महाडहून पोलादपूरला जाताना हायवे सोडून आत, डोंगराच्या अंगाला. मी महाडहून एस्टीने ये-जा करायची. शाळेचं स्नेहसंमेलन तोंडावर आलं होतं आणि शाळेला स्टेज उभारण्याजोगं पटांगण नव्हतं. मुख्याध्यापक म्हणाले, "स्मारकात करू. सरूआतेकडून चावी आणा."

सरूआते ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. सत्तरीच्या पुढची, किडकिडीत, हिरवं लुगडं, डोळे मात्र शाळा बुडवणाऱ्या पोरीचे. मी चावी मागितली. ती म्हणाली, "चावी? ती तुकारामाकडं असंल बघ. वरच्या आळीला, निळं दार."

निळ्या दारात तुकारामभाऊंच्या बायकोने मला बसवून चहा पाजला आणि चावी कोंडीबाकडे असेल म्हणून सांगितलं. कोंडीबाचं घर पार धनगरवाडीच्या वाटेवर. तिथे दुसरा चहा, बिनसाखरेचा, गुळाचा. कोंडीबाने सरपंचांचं घर दाखवलं. तिथे तिसरा चहा घेताना सरपंचांची आई म्हणाली, "चावी तर आतेच्या कमरेला असती, बाई. तुमाला कुणी पाठवलं?"

परत आले तेव्हा चावी खरंच आतेच्या कमरेला होती. झाकलेलीसुद्धा नव्हती.

"आते, ही काय चावी," मी जरा घुश्शातच म्हणाले.

"हाय की," ती शेंग सोलत म्हणाली. "पन तीन घरचा चहा पोटात गेला ना? आता उद्या काय अडलं तर कोनाच्या दारात जायचं ते तुला कळलं. आनि नवीन बाई कशी हाय ते गावाला कळलं. नुसती चावी दिली असती, तर शाळा ते एस्टी नि एस्टी ते शाळा, एवढंच केलं असतंस."

मी चावी घेतली आणि शाळेकडे निघाले. नंतरच्या नऊ वर्षांत तिने मला असं आणखी पुष्कळदा फिरवलं.

सरूआते गावची माहेरवाशीण. लग्न होऊन नाते गावी गेली, तरणेपणीच विधवा झाली आणि बापाच्या घरी परत आली. भाऊ नव्हता, मूलबाळ नव्हतं. बाप गेल्यावर ती एकटीच राहिली आणि सगळ्या गावाची आते झाली. तिच्यापेक्षा वयाने मोठे म्हातारेही तिला आतेच म्हणायचे. स्मारकाची चावी तिच्याकडे कोणी सोपवली हे मी पुष्कळांना विचारलं. कोणालाच आठवत नव्हतं. तिला विचारलं तर म्हणाली, "कुलूप मीच आनलं, मंग चावी कोनाकडं असनार?"

स्मारक म्हणजे खरं तर एक दगड. इंग्रजांच्या काळात सरकारने बसवलेला, हातभर रुंदीचा, काळा. पहिल्या महायुद्धात या गावातून माणसं गेली, त्यांतली चार परत आली नाहीत, एवढाच मजकूर त्यावर इंग्रजीत आणि मराठीत कोरलेला. नाव एकाचंही नाही. दगड आधी चावडीच्या भिंतीत होता. चावडी पडली तेव्हा गावाने आणि मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाने मिळून त्याच जागी लांबलचक सभागृह बांधलं आणि दगड दर्शनी भिंतीत बसवला. पत्रिकांवर 'जवान स्मृती सभागृह' छापलेलं असतं, पण गावाच्या तोंडी स्मारकच. त्यामुळे उंबरकोंडात "पोरीचं लग्न स्मारकात हाय" हे वाक्य कोणाला विचित्र वाटत नाही. बारसं स्मारकात, बचत गटाची सभा स्मारकात, भजन स्मारकात, आणि पोलिओचा डोसही स्मारकातच.

या सगळ्यावर आतेचं राज्य होतं. दारातल्या पायरीवर गोणपाटाची घडी घालून ती बसायची. विजेचा फ्यूज कुठे असतो आणि तो कसा काढायचा हे तिने वायरमनकडून शिकून घेतलं होतं. वरातीचा डीजे फार वेळ चालला, की तो अचानक बंद पडायचा. पोरं वायरी तपासत बसायची आणि आते पायरीवरून त्यांना सल्ले द्यायची, फ्यूज तिच्या कनवटीला. स्वतःच्या खोडीवर ती कधी हसायची नाही. फार झालं तर पदराचं टोक ओठांत धरायची. तिला ओळखणारी माणसं तिच्या पदरावर नजर ठेवून असायची.

एकदा एक पुढारी स्मारकाच्या नव्या फरशीचं उद्घाटन करायला आले. त्यांची भाषणं लांबतात हे दोन तालुक्यांत माहीत होतं आणि समोर उन्हात शाळेची पोरं बसली होती. नारळ फुटला, हार झाले आणि पुढारी माईकशी पोचायच्या आत आते उभी राहिली. "आदी चौघांसाटी उभं ऱ्हावा," ती म्हणाली. सगळे उभे राहिले, माना खाली गेल्या. दोन मिनिटांनी पुढाऱ्यांनी मान वर केली. आते हळूच म्हणाली, "हा एकाचा झाला, सायब. अजून तिघं ऱ्हायलं."

हुतात्म्यांच्या दगडासमोर घड्याळ बघायची हिंमत कोण करणार? आठ मिनिटं पूर्ण झाली. पुढाऱ्यांना पुढे नाते गावचा कार्यक्रम गाठायचा होता. त्यांनी "जय हिंद, जय महाराष्ट्र" एवढंच भाषण केलं आणि गाडीत बसले. पोरांनी त्यांना टाळ्या वाजवल्या त्या अगदी मनापासून.

ही फरशी मंडळाच्या मुंबईकरांनी हौसेने बसवलेली, गुळगुळीत, पांढरी. तिच्यावर पहिल्याच आषाढात म्हशी चढल्या.

पाऊस चार दिवस मागे हटत नव्हता. धनगरवाडीच्या वरच्या डोंगराला भेग गेल्याचं कळलं आणि तहसीलमधून निरोप आला की वाडी खाली करा. कोंडीबा आणि वाडीतली माणसं खाली यायला तयार, पण गुरं सोडून नाही. तलाठी समजावून थकला. शेवटी आते छत्री घेऊन अर्ध्या वाटेपर्यंत वर गेली आणि ओरडून म्हणाली, "कोंडीबा, म्हशी घेऊन ये. मी दार उगाडलंय."

दुपारपर्यंत स्मारकात एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला म्हशी आणि स्टेजवर शेळ्या. मुंबईला बातमी पोचायला वेळ लागला नाही. मंडळाचे अध्यक्ष दळवी यांचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते, फोन माझ्याच मोबाइलवर आला. मी स्पीकर लावून दिला, आतेने तो कानाला न लावता तोंडासमोर धरला.

"आते, हॉलमध्ये म्हशी? अगं नवीन टाइल्स हायत. सगळी वाट लागंल," दळवी म्हणाले.

"लग्नाला तुमची मानसं येत्यात, ती कोपऱ्याकोपऱ्यात गुटखा थुकून जात्यात," आते म्हणाली. "म्हशी थुकत नायत. श्यान टाकत्यात, ते धुतलं की जातं."

पाचव्या दिवशी वाडीची माणसं वर गेली. डोंगर खचला नाही, सुदैवाने. पण जाण्याआधी वाडीतल्या बायकांनी ती फरशी इतकी घासली की दळवी गणपतीला आले तेव्हा त्यांना म्हशींचा मागमूस सापडला नाही. कोपऱ्यातले जुने गुटख्याचे डागही गेले होते.

आता मुख्य हकिकत.

एका मे महिन्यात दळवी मंडळाचा ठराव घेऊन गावात आले. दगडावर नावं नाहीत ही गावाची शोभा नाही, शेजारी संगमरवरी पाटी लावू, चौघांची नावं सोनेरी अक्षरांत, "एकदम फर्स्ट क्लास काम, टेन्शन नाय." नावं गोळा करायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं.

मी वही घेऊन घरोघरी निघाले. सुरुवात निळ्या दारापासून. तुकारामभाऊ महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कारखान्यात पाळीवर कामाला होते. शांत, कमी बोलणारा माणूस. त्यांच्या माजघरात एका फौजीची तसबीर होती, हार घातलेली. महाडच्या फोटो स्टुडिओत त्यांनी ती स्वतःच्या चेहऱ्यावरून करून घेतली होती, कारण आजोबांचा फोटो नव्हता. "आजा तिकडं इराकात, बसऱ्याला गेला," ते म्हणाले. "मरनाचं, कोपरा फाटलेलं कार्ड आलं. मरताना सोबत्याला म्हनाला, घरी सांगा, चार दिस झाले, नाचनीची भाकरी खाल्ली नाय." त्यांचा आवाज जड झाला. मी ते वाक्य तसंच वहीत उतरवलं. त्यांचा मुलगा त्या आज्याची गोष्ट ऐकत वाढला आणि सैन्यात भरती झाला, तेव्हा तो जम्मूकडे होता.

दुसऱ्या घरी मला दुसरे हुतात्मे मिळाले. तेही बसऱ्याला. कोपरा फाटलेलं कार्ड. त्यांनीही चार दिवस भाकरी खाल्ली नव्हती. तिसऱ्या घरी मी लिहायचं थांबवून नुसतं ऐकू लागले. धनगरवाडीत कोंडीबाच्या पणजोबांनीही बसऱ्याला नाचणीच्या भाकरीची आठवण काढली तेव्हा मी वही मिटली. चार जागांसाठी माझ्याकडे नऊ नावं झाली होती, आणि नवांचे शेवटचे शब्द तेच.

मी थेट आतेकडे गेले. ती अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती. मी नुसती वही दाखवली. तिला वाचता येत नव्हतं, पण माझा चेहरा वाचता आला.

"किती झाले?" तिने विचारलं.

"नऊ."

"नवाच्या वर नाय जायचे," ती म्हणाली. "मी मोजूनच वाटलेत."

"आते, सगळ्यांना एकच गोष्ट?"

"मला येकाचंच मरन सांगाया येतं."

मग तिने सगळं सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वादळात स्मारकाचं छप्पर बसलं. कौलं चढवायला माणसं मिळेनात. तरणी पोरं मुंबईला, उरलेली कारखान्याच्या पाळीत. तुकारामाला तिने सहज सांगितलं, की चौघांतला एक तुझा आजा, माझा बाप सांगायचा. तुकाराम रजा टाकून आला आणि चार दिवस छपरावर होता. मग दरवाजे करायची वेळ आली तेव्हा सुताराच्या घरी एक हुतात्मा निघाला. पाण्याची टाकी आली तेव्हा आणखी एक. म्हशींच्या पावसानंतर कोंडीबाला. "चार हा सरकारचा हिशेब," ती म्हणाली. "घरं जास्त व्हती. आनि खोटं तरी कसं म्हनायचं? गेली मानसं सगळ्याच घरांतली. परत कोन नाय आलं, ते दगडालापन ठावं नाय."

"उद्या सभा आहे, आते."

"मीच बोलन," ती म्हणाली, आणि सोलं पसरत राहिली.

सभा स्मारकातच. मुंबईकर पुढच्या खुर्च्यांवर, नऊ घरं नऊ घोळक्यांत. दळवींनी नावं विचारली. तुकारामभाऊ आधी उभे राहिले. लगेच दुसऱ्या घरचा उभा राहिला, मग तिसऱ्या. आवाज चढले. तुझा आजा कसला फौजी, तो तर बोटीवर खलाशी होता, इथपर्यंत गेलं. मग आते पायरीवरून उठून आत आली.

"कुनी भांडू नका," ती म्हणाली. "माजं जरा जास्तच वाटून झालं."

तिने मला सांगितलेलं सगळं, छप्पर, दरवाजे, टाकी, एकही शब्द न गाळता गावापुढे सांगितलं.  आधी कोंडीबा हसला. "आनि माजी आये दर साली भाकरी ठेवती त्येच्या नावानं," तो म्हणाला, आणि मग सुतार हसला, मग सगळं सभागृह. दळवीसुद्धा हसले. माणसं एकमेकांना भाकरीचं वाक्य म्हणून दाखवू लागली.

तुकारामभाऊ हसले नाहीत. ते आतेसमोर आले आणि म्हणाले, "माझा पोरगा त्या नावावर भरती झाला. त्याला मी आता फोनवर काय सांगू?"

 तुकारामभाऊंनी दाराशी चपला घातल्या आणि ते निघून गेले. हसू विझलं. सभा पुढे ढकलली.

त्यानंतर चार-पाच दिवस आते पायरीवर दिसली नाही. एक बारसं झालं, त्याला तिने चावी शेजारच्या पोरीकरवी पाठवून दिली. मी घरी गेले तर नुसती भिंतीला टेकून बसली होती. मला बघून म्हणाली, "चल गो बाई माज्यासंगं. एकटीचे पाय वळत नायत."

आम्ही निळ्या दाराशी गेलो. तुकारामभाऊ आत होते, पहिली पाळी करून आलेले. बाहेर आले नाहीत. आते ओट्यावर बसली आणि दाराकडे बघून बोलू लागली.

"तुकाराम, माज्या बापाचा चुलता व्हता रामजी. तो त्या चौघांतला, असं बाप सांगायचा. त्येचं लगीन नव्हतं झालं. आमचं घर तर माज्यापाशी संपलं. त्येचं नाव घेनारं पाठीमागं कुनी नाय. तो तू घे."

 तुकारामभाऊ आतूनच म्हणाले, "हे तरी खरं कशावरून?"

"त्ये मला नाय सांगता येत."

"त्यानं काय भाकरी मागितली व्हती का?" आवाजात चीड होती.

"त्येची गोष्टच मला ठावं नाय," आते म्हणाली. "कसा गेला, कुटं गेला, बाप कदी बोलला नाय. नुसता गप व्हायचा. म्हनून तर मी रामजी कुनाला दिला नाय. सांगनार काय?"

दार उघडलं. तुकारामभाऊंनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि तेही ओट्यावर बसले, जरा अंतर ठेवून.  मी उठावं की बसावं हे मला कळेना, म्हणून बसून राहिले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "तुझा रामजी तुझ्यापाशी ठेव, आते. पोराला मी खरं तेच सांगन."

त्यांनी आमच्यासमोरच फोन लावला. रेंज मिळेना म्हणून अंगणाच्या कडेला, फणसाखाली उभं राहून, कारखान्यात अपघाताची माहिती द्यावी तसं एका सुरात सगळं सांगितलं. पलीकडून काय आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. पण त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. येऊन म्हणाले, "तो म्हनतो, बाबा, भरतीला सोळाशे मीटर पणजोबा नाय धावले. मी धावलो."

आतेने पदराचं टोक ओठांत धरलं. तुकारामभाऊंनी ते पाहिलं. "हसू नकोस," ते म्हणाले, पण त्यांना स्वतःलाच हसू आवरलं नाही.

पुढच्या सभेत तेच आधी बोलले. पाटी नको, दगड आहे तसा राहू दे, त्यावर नावं नाहीत म्हणूनच तो सगळ्यांचा आहे. नऊही घरांनी माना डोलावल्या. दळवी गांगरले. संगमरवराचं मंडळात सगळ्यांना सांगून झालं होतं. "मग आता काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"बायकांसाटी संडास बांधा," आते म्हणाली.

ही तिची जुनी मागणी. स्मारकात लग्न असलं की बायकांना करवंदीच्या जाळ्यांमागे जावं लागायचं, नवऱ्या मुलीलासुद्धा. दर मे महिन्यात ती हे सांगायची आणि दर मे महिन्यात ते पुढच्या मे महिन्यावर जायचं. या वेळी दळवींना नाही म्हणायला जागा उरली नव्हती. मंडळाचे एक सभासद म्हणाले, निदान देणगीदारांची पाटी तरी हवी. आते त्यांच्याकडे वळून म्हणाली, "लावू की. संडासाच्या दारावर कोनाचं नाव टाकू, सांगा." कोणीही सांगितलं नाही.

बांधकामावर तुकारामभाऊ रोज पाळी संपवून येऊन उभे राहायचे. आते त्यांना चहा द्यायची. त्यांच्यात फारसं बोलणं व्हायचं नाही, पण चहा दोघं एकाच पायरीवर बसून प्यायची. माजघरातली तसबीर त्यांनी काढली नाही. हार तेवढा काढला. "चेहरा माझाच हाय," मला म्हणाले, "मी मेलो की घालतील."

पुढच्या वर्षी माझी महाडला बदली झाली. निरोपसमारंभ अर्थातच स्मारकात झाला आणि माझं आभाराचं भाषण लांबलं तेव्हा माईक बंद पडला.

त्यानंतर सरूआतेला मी एकदाच पाहिलं. महाडच्या एस्टी स्टँडवर दुपारची पोलादपूर गाडी लागली होती. दारात गर्दी अडली होती, कारण आते पुरुषभर उंचीचा आरसा घेऊन चढत होती. आरसा जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, वरचा भाग उघडा. कंडक्टर म्हणत होता, "आजी, काच गाडीत चालत नाही. फुटली तर कोण जबाबदार?"

"काच नाय रे, आरसा हाय. बायकांच्या संडासात लावायचाय. नवरी मुलगी जाईल, तिला कुंकू नीट हाय का नको बघाया?"

कंडक्टरने कपाळाला हात लावला आणि तिला आत घेतलं. मी खिडकीशी गेले. "आते, आहे ना ओळख?" म्हटलं.

"बाई गो," ती म्हणाली, "जाड झालीस. बरं झालं." आणि मग आवाज खाली आणून, "ह्यो कंडक्टर बघ. मगाधरनं माज्याशी भांडतोय नि भांग आरशात बघून पाडतोय."

मी पाहिलं तर खरंच, कंडक्टर तिकिटाचं मशीन बगलेत धरून आरशात केस सारखे करत होता. आतेने त्याला नीट दिसावं म्हणून आरसा किंचित तिरका केला. तो वरमला, तिच्याकडे बघून हसला आणि त्याने घंटी मारली. गाडी हलली. पदराचं टोक ओठांत धरून, दोन्ही हातांनी आरसा कवटाळून ती बसली होती, आणि वळणावर त्या आरशात क्षणभर सगळा स्टँड, उभी माणसं, मी, असं सगळं उलटं होऊन चमकलं आणि गाडीबरोबर पोलादपूरच्या रस्त्याला लागलं.